आतलं चाक

"बाई, बसला. अख्खा बसला. फटच नाही."

चौथीतली शकू लोटनशेठच्या नव्या घराच्या जोत्यावर ओणवी झाली होती. हातात घडीचा कागद. कसाही फाटका-तुटका कागद घ्या, त्याला एक घडी घाला, मग घडीवर घडी जुळवून दुसरी घाला, जे टोक हाती येतं तो काटकोन. दर वर्षी मी पोरांच्या हातात असा कागद द्यायची आणि म्हणायची, जा, गावातून काटकोन हुडकून आणा. पोरं उंबरे, पाट्या, दुकानांच्या फळ्या, दिसेल त्याला कागद लावत सुटायची. लोक म्हणायचे, तोताराम मिस्तरीची पोरगी शिकवते कमी आणि हुंदडवते जास्त. म्हणेनात का. माझी पोरं काटकोन जन्मात विसरली नाहीत. आज मी पेन्शनीत बसले तरी पन्नाशीला आलेला एखादा बाप्या रस्त्यात थांबून म्हणतो, बाई, अजून कागदाची घडी येते बरं का.

तर त्या कोपऱ्याला आजवर कागद बसला नव्हता. लोटनशेठचं जुनं घर होतं तेव्हा त्याचा कोपरा तिरपा छाटलेला होता. बैलगाड्या सुखानं वळाव्यात म्हणून कुणा पूर्वजानं तेवढी जागा सोडली असणार. लोटनशेठनं पावसाळ्याआधी ते घर पाडलं आणि नवं बांधताना आपली सगळी जागा घेतली. भिंत सरळ आली, दुसरी सरळ गेली, आणि दोन्ही जिथं भेटल्या तिथं शकूचा कागद अख्खा बसला.

"शाब्बास," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझी नजर रस्त्यात पुरलेल्या काळ्या दगडावर गेली. तो कोपऱ्याच्या बराच अलीकडे होता. मी शकूच्या हातातून कागद घेतला आणि कोपऱ्याला पुन्हा लावून पाहिला.

कारण दुसऱ्या दिवशी रथ होता.

आमच्या चिंचोऱ्याला कार्तिकात बालाजीचा रथ निघतो. सागवानी, दुमजली, माणसाच्या छातीला लागतील अशी चार चाकं. बैलगाडी वळते ती बैल वळतात म्हणून. रथाला तसं काही नसतं, दोरखंड ओढले की तो आपला नाकासमोर चालतो. त्याला वळवतात मोगरीनं. मोगरी म्हणजे बाभळीची मोठी पाचर, मागं लांब दांडा. वळणाच्या बाजूच्या चाकापुढं ती सरकवायची. ते चाक अडतं, पलीकडची चाकं पुढं जातात, आणि रथाचं तोंड थोडंसं फिरतं. मग मोगरी काढायची, पुन्हा लावायची. असं थोडं थोडं करत पाव फेरा पुरा होतो. चार चाकांना चार माणसं. त्यातलं सगळ्यात अवघड ते वळणाच्या बाजूचं मागचं चाक. त्याला आम्ही आतलं चाक म्हणतो. तिथला माणूस चाकाच्या पुढ्यात उभा असतो आणि रथाची कूस त्याच्याच अंगावर येत असते. येताना पाहायचं आणि मागं सरायचं.

ते चाक आमच्या घराकडे होतं. आजोबांनी धरलं, मग माझ्या वडिलांनी, आबांनी धरलं, आणि आबांचे गुडघे बोलायला लागल्यापासून माझा मोठा भाऊ युवराज धरायचा.

आणि वळायचं कुठं, ते त्या काळ्या दगडानं ठरलेलं. दगडावर नारळ फुटला की पहिली मोगरी. छाटलेल्या कोपऱ्याला ते बरोबर होतं, दगडावर वळायला घेतलं तरी रथाची कूस तिरप्या भिंतीला धरून निघून जायची. आता तिथं तिरपी भिंत नव्हती. टोक होतं.

सकाळीच वर्गात आम्ही बाकांभोवती चालत पाव फेरा, अर्धा फेरा शिकलो होतो. कोपरा यायच्या आधीच जी पोरं वळली त्यांच्या कमरेत बाकाचं टोक बसलं. मी हसून म्हटलं होतं, आधी कोपरा पाठीमागं टाका रे, मग वळा. तेव्हा हसू आलं. त्या दगडापाशी उभं राहिल्यावर येईना.

संध्याकाळी आबा जेवायला बसले तशी मी समोर दोन पाट मांडले, मधे गल्ली सोडली आणि चुलीजवळची काडेपेटी आणली.

"हे काय मांडून राहिली?" आबांनी विचारलं.

"हा लोटनशेठचा कोपरा. हा रथ. आबा, आज आम्ही कागद लावून पाहिला, कोपरा आता पुरा काटकोन आहे. पहिल्यासारखा दगडावर वळवला तर बघा काय होतं ते."

मी काडेपेटी वळवली. तिची कूस पाटाच्या टोकाला भिडली आणि अडकली. मग मागं घेतली, सरळ पुढं नेली, तिचं मागचं टोक कोपऱ्याच्या पार गेल्यावर वळवली. ती सुखानं दुसऱ्या गल्लीत, म्हणजे सराफगल्लीत शिरली.

"दगड सोडून पुढं जायचं, आणि मग वळायचं," मी म्हटलं. "कोपऱ्याच्या पुढं तालमीकडं रस्ता मोकळाच आहे. एवढंच."

युवराजदादा पलीकडे बसून लोणचं चाटत होता. तो म्हणाला, "बाई, आम्हालाही शाळेत घाला."

आबांनी काडेपेटी उचलली. तिला चारी बाजूंनी पाहिलं. जुनं सुतारी बोट पाटाच्या टोकावरून फिरवलं. मग तिच्यातली काडी काढून बिडी पेटवली.

"काडेपेटीत देव बसत नाही, कुमे," ते म्हणाले. "नारळ जिथं फुटतो तिथंच रथ वळतो. माझ्या आज्यापासून."

"आज्याच्या वेळेला हे घर नव्हतं."

"जेवू दे मला."

"मग भिंतीत घाला उद्या रथ, मला काय," मी म्हटलं आणि पाट आपटत उचलले. माझी जीभ तेव्हाही तिखटच. आई असती तर पाठीत धपाटा बसला असता.

आबा अर्ध्या भाकरीवरून उठले. मोगऱ्यांना तेल लावायचं राहिलं म्हणून बाहेर पडले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता, पण मला वाटलं, माझ्यावरचा राग अजून गेला नाही. ओसरीत दादाच्या बाळाचा पाळणा होता, त्याची दोरी धरून झोके देत उभे राहिले. वहिनी म्हणाली, "मामंजी, जागंच आहे ते, खाली घेऊ का?" तर मान हलवली आणि झोके देतच राहिले.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पटांगणात ही गर्दी. रथाला झेंडूच्या माळा, केळीचे खांब, वर बालाजी. रथाचे मानकरी त्र्यंबकअप्पा हातात चांदीची काठी घेऊन पुढं उभे. काठी वर गेली की ओढायचं, खाली आली की थांबायचं, असा रिवाज. चार मोगरीवाले आपापल्या चाकाला नमस्कार करत होते. दादानं आतल्या चाकाला हळद लावली, मोगरी उचलली, आणि आबा मधे आले.

"ती दे इकडं."

"काय झालं?" दादा म्हणाला.

"आतलं चाक मी धरतो. तू पलीकडच्या बाजूला जा."

दादाला वाटलं आबा थट्टा करताहेत. तो हसला. "आबा, तुमच्यानं रथाबरोबर चालवत नाही. बसा ओट्यावर."

"तुझा हात कापतो," आबा मोठ्यानं म्हणाले. पटांगणातल्या निम्म्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "गेल्या वर्षी पाहिलं मी. कापऱ्या हाताच्या माणसाला मी आतल्या चाकावर उभा करत नाही."

दादाचा हात कधी कापला नव्हता. रंधा मारताना त्याचा हात बघावा, पाण्याची वाटी ठेवली तरी डुचमळणार नाही. पण बापानं चारचौघांत म्हटल्यावर काय बोलणार? त्याचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं मोगरी आबांच्या पायाशी टाकली आणि पलीकडे निघून गेला. मागं कुणी तरी फिदकन हसलं.

मी आबांजवळ गेले. ते वाकून मोगरी उचलत होते.

"एवढी हौस आहे मिरवायची? पोराची अब्रू घेतलीत."

"बायका माडीवर थांबतात," आबा माझ्याकडे न पाहता म्हणाले. "जा."

मी गेले. लोटनशेठच्या समोर शिंप्यांची माडी आहे, तिथं वहिनी बाळाला घेऊन आधीच उभी होती. मी तिला काही सांगितलं नाही. तिच्या हातात ओवाळायला पितळी ताट होतं, ते मी धरलं आणि तिनं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

उन्हं कलती व्हायला लागली तसा रथ कोपऱ्याशी आला. वाजंत्री, झांजा, गुलाल. वरून पाहिलं की खालच्या माणसाला न दिसणारं दिसतं. खाली प्रत्येकाला आपलं आपलं चाक दिसतं, फार तर समोरच्याची पाठ. मला अख्खा रथ दिसत होता, आणि लोटनशेठच्या भिंतीचं टोकही.

अप्पांनी काठी खाली केली. रथ दगडाशी थांबला. नारळ फुटला. काठी वर गेली आणि आबांनी मोगरी सरकवली.

रथ थरथरला आणि त्याचं तोंड वळलं. जरासंच. लोकांनी बालाजीचा जयघोष केला. आबांनी मोगरी काढली, पुन्हा लावली. पुन्हा वळला. आता रथाची कूस भिंतीच्या टोकाकडे झुकायला लागली होती, आणि त्या दोघांच्या मधे आबा होते. पांढरी टोपी, पांढरी बंडी, गुलालानं भरलेली.

मला आधी भीती वाटली ती रथाची. घासणार, माळा तुटणार, कुणाला तरी लागणार. मग मी आबांकडे नीट पाहिलं.

आतल्या चाकाचा माणूस सारखा मागं वळून पाहतो. पाय ठेवायला जागा किती उरली, सटकायचं कुठून, हे बघत बघतच तो मोगरी मारतो. लहानपणापासून मी हे पाहत आले होते. आबा एकदाही मागं पाहत नव्हते. मोगरी मारून ते पुढं बघत होते, पलीकडच्या बाजूच्या चाकांकडे, जिथं दादा होता. मागं काय आहे ते बघायची त्यांना गरजच नव्हती. त्यांना ते कालपासून ठाऊक होतं.

काडेपेटी हातात घेऊन चारी बाजूंनी पाहणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढं आला. त्यांना समजलं होतं. माझ्या आधी समजलं होतं की त्या जागी कोण उभा असणार.

"थांबवा," मी ओरडले. "अप्पा, रथ थांबवा."

वाजंत्रीत मलाच माझा आवाज ऐकू येईना. खाली पुन्हा मोगरी बसली. आबांची पाठ भिंतीला टेकली. अप्पांची काठी वर जायला लागली.

हातात ओवाळायचं ताट होतं. दिवा, कुंकू, अक्षता, सगळं. मी ते तसंच उचललं आणि अप्पांच्या पुढ्यात रस्त्यावर फेकलं.

पितळेचा तो आवाज अख्ख्या गल्लीत घुमला. वाजंत्री अडखळली. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. अप्पांनी वर पाहिलं, आणि त्यांची काठी आपोआप खाली आली. मी जिने कसे उतरले मला आठवत नाही.

खाली आले तेव्हा आबा रथाच्या कुशीत आणि भिंतीत अडकले होते. बाजूची तुळई त्यांच्या छातीवर होती आणि भिंतीचं टोक पाठीत. श्वास वरवर चालला होता. मोगरीचा दांडा अजून हातात होता.

"एक झटका द्या पुढं, मोकळा होईल," दोरखंडावरचा कुणी तरी म्हणाला.

"पुढं ओढलात तर मरतील ते," मी म्हटलं. "आणखी वळेल तो, पुढं नाही जायचा. मागं घ्या."

दोरखंडावरचे हात सैल झाले. रथ मागं सरत नाही. हे आमच्या गावात कुणी कुणाला शिकवत नाही, जन्मतःच माहीत असतं. आजवर वाटेत चाक रुतलं, आस मोडला, तरी जागेवर दुरुस्त करून रथ पुढंच नेला होता. मागं सरला तर वर्ष वाईट जातं, देव पाठ दाखवतो, काय काय म्हणतात. लोक अप्पांकडे पाहायला लागले. अप्पा काठीकडे पाहायला लागले.

"ओढा," आतून आबांचा आवाज आला. चिरका, पण शब्द स्पष्ट. "मला काही होत नाही. ओढा पुढं."

तेवढ्यात दादा रथाला वळसा घालून आला. त्यानं पाहिलं. भिंत पाहिली, आबांना पाहिलं, आपली रोजची उभं राहायची जागा पाहिली. तो पुढं गेला, एक दोरखंड कडीतून सोडला, खांद्यावर घेतला आणि मागं येऊन मागच्या आसाला बांधला. मग एकटाच ओढायला लागला.

एका माणसानं रथ हलतो का? पाय घसरत होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. कुणी हसलं नाही, पण कुणी हातही लावला नाही. मी गेले आणि त्याच्या मागं दोर धरला. बाईनं रथाच्या दोराला हात लावायचा नसतो. त्या दिवशी मी काय काय मोडलं त्याचा हिशेब देवाकडे असेल.

"काल हा माझ्याकडं आला होता," अप्पा अचानक म्हणाले.

ते कुणाशी बोलताहेत कळेना. त्यांची नजर आबांवर होती.

"जेवणाच्या वेळेला आला. म्हणाला, अप्पा, कोपरा बदलला आहे, नारळ पुढं नेऊन फोडा. पोरगी म्हणते म्हणाला. कागद लावून पाहिलं तिनं, बरोबर म्हणते ती. हात जोडले त्यानं. मी म्हटलं, तोताराम, एका पोरीसाठी देवाची जागा हलवू का? तर म्हणाला, मग आतल्या चाकावर कोण राहील ते तरी माझ्यावर सोडा."

माझ्या हातातला दोर सुटला. पोरगी बरोबर म्हणते. हे शब्द आबांनी माझ्याजवळ जन्मात उच्चारले नव्हते. अप्पांच्या ओसरीत, हात जोडून उच्चारले होते.

अप्पांनी चांदीची काठी जमिनीवर आडवी ठेवली. चपला काढल्या. आले आणि दादाच्या पुढं होऊन दोर धरला.

"बघता काय?" ते म्हणाले. "माणूस मरून राहिला तिकडं."

मग मात्र गल्ली हलली. मागं दोर कमी पडला इतकी माणसं आली. कुणी चाकांना खांदे दिले. रथ आधी नुसता करकरला, मग आमच्या गावात कधी झालं नव्हतं ते झालं. बालाजी मागं सरला. फार नाही, पण तुळई आबांच्या छातीवरून सुटली आणि ते भिंतीला घासत खाली बसले.

दादानं त्यांना उचलून शिंप्यांच्या ओट्यावर आणलं. दोन बरगड्या गेल्या होत्या, हे पुढं कळलं. तेव्हा ते नुसते तोंड उघडून हवा घेत होते. वहिनीनं पाणी आणलं. दादा त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसला. रडत होता आणि भांडत होता, दोन्ही एकदम.

"मला का नाही सांगितलं? सगळ्यांसमोर कापरा हात म्हणालात. का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं," आबा थांबत थांबत म्हणाले, "तर तू चाक सोडलं असतं का?"

दादानं आबांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

मला आबांशी बोलायचं होतं. सकाळी जे बोलले ते परत घ्यायचं होतं. पण तेवढ्यात अप्पा आले. त्यांच्या एका हातात काठी होती, दुसऱ्यात नवा नारळ. मागं सगळं गाव. रथ रस्त्यात तिरपा उभा होता. त्याला सरळ करून पुढं न्यायलाच हवं होतं, आणि कोपरा तर पार करायचाच होता.

"तोताराम," अप्पा म्हणाले, "नारळ कुठं फोडू?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं.

"तिला विचारा."

अप्पा वळले. वाजंत्रीवाले वळले. दोरखंड धरलेली माणसं, ओट्यांवरच्या म्हाताऱ्या, माडीवरच्या बायका, सगळे माझ्याकडे पाहायला लागले. वर्गात पोरांपुढं बोलणं वेगळं. माझे पाय जागचे हलेनात.

"जा ना," दादा म्हणाला. नाक पुसून तो उठला होता.

मी रस्त्याच्या मधोमध गेले. काळा दगड ओलांडला. भिंतीच्या कडेनं चालत कोपऱ्यापर्यंत आले, कोपरा पाठीमागं टाकला, तिथून रथाच्या लांबीएवढी पुढं गेले आणि टाचेनं मातीत रेघ मारली. रथाचं पुढचं चाक इथं आलं की आतलं चाक कोपऱ्याच्या पार निघालेलं असेल, असा माझा अंदाज.

"इथं," मी म्हटलं.

"आणखी हातभर पुढं," ओट्यावरून आबांचा आवाज आला. "मोगरी बसली की चाक मागं येतं. ते कागदावर नसतं."

मी हातभर पुढं दुसरी रेघ मारली आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

नारळ तिथं फुटला. रस्त्यात दगड नव्हता म्हणून अप्पांनी तो एका विटेवर फोडला. रथ सरळ करून पुढं आणला, काळ्या दगडावरून चाकं गेली, भिंतीचं टोक मागं पडलं. दादानं आतल्या चाकापुढं मोगरी सरकवली. काठी वर गेली.

रथ वळला. पुन्हा मोगरी, पुन्हा वळला. वाजंत्री बंदच होती. ती सुरू करायचं कुणाला सुचलं नाही. नुसता चाकांचा आवाज आणि दादाचा हुंकार. मी आबांच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी मनगटात रुतली. मी रथाच्या तोंडाकडे बघत होते, पाव फेरा पुरा होतो की नाही म्हणून.

"झालं, आबा," मी म्हटलं. "वळला पुरा."

आबांनी ऐकलं नाही. रथ त्यांना दिसतच नव्हता. दादाच्या पाठीमागं सराफगल्ली सुरू होत होती, भिंत नाही, काही नाही, दोन गाड्या शेजारी शेजारी जातील एवढी रिकामी जागा. दादा मोगरी काढून त्या जागेत मागं सरत होता. आबा तेवढी जागा बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"केवढी जागा आहे गं," ते म्हणाले.